खुणा, बहुधा धान्याच्या

जोसलिननं जेवायला बोलावलं, म्हणून गेलो.
बूट दाराशी काढायचे, म्हणाली.
ऐंशी वर्षांत या कोठारात
मी कधी बूट काढले नव्हते.
मोज्याला भोक होतं,
ते अंगठ्याखाली दुमडून घेतलं.

जमीन गरम.
खालून नळ्यांतून पाणी फिरतं म्हणे.
आमच्या वेळी इथे ऊब एकाच जागी मिळायची,
डॅमसनच्या कुशीला कपाळ टेकून
धार काढताना,
आणि तीही शेपटीचा फटका खाऊन.

मळणीचं खळं होतं तिथे जेवणाचं टेबल आहे.
गव्हाणीत पुस्तकं आहेत.
घर फिरलं की वासे फिरतात, पण हे वासे
फिरले नाहीत. फिरवायची सोयच नाही:
कोठार सरकारी यादीत आहे, दुसऱ्या दर्जाचं,
आणि काउन्सिलच्या मिस अ‍ॅल्डरटन
चार वर्षं बॅटरी घेऊन येत होत्या
एकेका खिळ्याची विचारपूस करायला.

पहिलं वर्ष वटवाघळांनी खाल्लं.
एकवीस होती.
त्यांची बाळंतपणं उरकेपर्यंत
एक कौल हलवायचं नाही.
मग खिडक्या: नवी एकही नाही.
तेव्हा टिल्डाच्या खोलीत उजेड येतो तो
आमच्या खापरपणजोबानं
गवताला घाम फुटू नये म्हणून ठेवलेल्या फटींतून,
आणि सकाळी तिच्या पांघरुणावर
पट्ट्या पट्ट्या पडतात.
घुबडाचं भोकही तसंच राखलंय, आतून काच लावून.
घुबड मात्र चर्चच्या मनोऱ्यात गेलं राहायला.
त्याला हीटिंग मानवलं नसावं.

विकलं मीच.
कुणी हिसकावून नाही घेतलं.
आताचं कापणीयंत्र त्या दारातून शिरत नाही,
आणि नुसत्या छपराच्या खर्चात
शेजारचं शेत आलं असतं.
पैशांतून लेडबरीला एकमजली घर घेतलं
आणि रांगेत न थांबता एक गुडघा.

सूप झाल्यावर जोसलिन म्हणाली, मिस्टर प्रॉबर्ट,
आमची लाडकी गोष्ट दाखवते.
ओकचा खांब. वर छोटा दिवा, बाजूला चौकटीत
अहवालातला उतारा:
‘खांब चार, उत्तर बाजू. आडव्या कोरीव खुणा, सतरा.
बहुधा धान्याच्या हिशेबाच्या.
अठराव्या शतकाचा उत्तरार्ध.’
हात लावायचा नाही. पेन्सिल तर नाहीच.
टिल्डाची उंची म्हणून फ्रिजच्या दारावर मांडतात.

मी बटाटा चावत राहिलो.

डावीकडच्या नऊ माझ्या.
उजवीकडच्या आयव्हरच्या.
दरसाल सायडरची सफरचंदं गाडीत चढली की
बाप खिशातला चाकू काढायचा,
टाच मागे, हनुवटी खाली, हलू नको.
आयव्हर वर्षानं धाकटा, पण माझ्याहून उंच,
आणि त्याचा मला फार राग यायचा.
त्याच्या आठ आहेत.
मग पोलिओचा उन्हाळा आला.
त्या साली सफरचंदं चढली,
चाकू खिशातच राहिला,
माझ्यासाठीसुद्धा.

टिल्डा उठली. कुणी बघतंय का ते न बघता
खांबाला पाठ लावून उभी राहिली,
टाच मागे, तळहात डोक्यावर सपाट.
वळून पाहिलं, आणि म्हणाली,
आई, धान्य माझ्याएवढं होतं.

आयव्हरची सातवी.
जोसलिन हसली: खांबापासून दूर हो, राणी.
पोरगी माझ्याकडे बघत होती.
सांगायला हवं होतं कदाचित.
पण मिस अ‍ॅल्डरटनमुळेच तो खांब उभा आहे,
आणि चूक दुरुस्त केली तर
दिवा राहील की जाईल,
काय सांगावं.
मी मीठ मागितलं.

निघताना गाडीदाराकडे गेलो, सवयीनं.
तिथे आता दोन मजले काच.
बाहेरच्या अंधारातून एक म्हातारा
हातात बूट घेऊन आत येत होता.
माझा हात खांद्याच्या उंचीवर
अडसर शोधत राहिला,
काचेवर, बराच वेळ.

टिल्डानं बटण दाबलं.